माणसे बदलली, बँड राहिला: बेल अँड सेबॅस्टियनची वाटचाल

एखाद्या बँडमधून महत्त्वाचा सदस्य बाहेर पडला की चाहत्यांमध्ये हटकून दोन तट पडतात. एका तटाला वाटते की खरा बँड त्याच दिवशी संपला आणि उरली ती नुसती पाटी. दुसरा तट म्हणतो की गाणी लिहिणारा जागेवर आहे ना, मग बाकीचे आले काय आणि गेले काय. ग्लासगोच्या बेल अँड सेबॅस्टियन या बँडच्या बाबतीत हे दोन्ही सूर मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि मला ते दोन्ही सारखेच अपुरे वाटतात. 1996 पासून चालत आलेल्या या बँडमधून तीन महत्त्वाची माणसे गेली, दोन नवी आली, ध्वनिमुद्रणाची शहरे बदलली, कंपन्या बदलल्या. आणि प्रत्येक बदलाबरोबर गाण्यांच्या रचनेतही काहीतरी बदलत गेले. या बँडला घडवण्यात तो सोडून गेलेल्यांचाही मोठा वाटा आहे, आणि तो केवळ त्यांनी वाजवलेल्या गाण्यांपुरता नाही, त्यांच्या जाण्याने पडलेल्या मोकळ्या जागेतही आहे, असे माझे मत आहे. त्याची कारणे मांडण्यासाठी हा लेख.

सुरुवात समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. स्टुअर्ट मर्डॉक हा तरुण विद्यापीठात शिकत असताना ‘एमई’ म्हणजे सततच्या थकव्याच्या आजाराने अंथरुणाला खिळला आणि त्याची सुमारे सात वर्षे त्यात गेली. नोकरी नाही, शिक्षण अर्धवट, बाहेर पडण्याची ताकद नाही, अशा काळात तो पियानोपाशी बसून गाणी लिहू लागला. शाळेतली एकटी मुले, बसमधले प्रवासी, रविवारची प्रार्थना, कंटाळवाण्या नोकऱ्या हे त्याचे विषय. आणि ते सांगण्याची पद्धत अशी की कथाकाराने गाणे लिहिले आहे असे वाटावे. प्रकृती थोडी सुधारल्यावर, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, बेकार संगीतकारांसाठी चालवल्या जाणाऱ्या ‘बीटबॉक्स’ या सरकारी प्रशिक्षण योजनेत त्याची स्टुअर्ट डेव्हिडशी गाठ पडली. डेव्हिड बास गिटार वाजवायचा आणि स्वतःही लिहायचा. या दोघांनी केलेली काही कच्ची ध्वनिमुद्रणे ग्लासगोच्या स्टो कॉलेजात पोहोचली आणि तिथून पुढची गोष्ट सुरू झाली.

स्टो कॉलेजात संगीत व्यवसायाचा एक अभ्यासक्रम होता. ‘द असोसिएट्स’ या बँडमधले ॲलन रँकिन तिथे शिकवत होते आणि विद्यार्थ्यांना धंद्याची प्रत्यक्ष ओळख व्हावी म्हणून ‘इलेक्ट्रिक हनी’ नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी कॉलेजातर्फेच चालवली जात होती. एरवी विद्यार्थी एखादे सुटे गाणे प्रकाशित करत. परंतु मर्डॉककडे गाण्यांचा एवढा साठा होता की सबंध अल्बमच करायचे ठरले. मग माणसे जमवणे आले. रिचर्ड कोलबर्न हा त्याच अभ्यासक्रमाचा विद्यार्थी ड्रमवर बसला. स्टीव्ही जॅक्सन ग्लासगोच्या छोट्या कार्यक्रमांतून गिटार वाजवत असे आणि आधीच्या बँडमुळे पोळलेला होता, त्यामुळे त्याला राजी करावे लागले. ख्रिस गेडीस कीबोर्डवर आला, इसोबेल कॅम्पबेल चेलो घेऊन आली, ट्रम्पेटसाठी मिक कुक पाहुणा म्हणून आला. एकमेकांना नीट ओळखण्याआधीच ही मंडळी स्टुडिओत शिरली आणि तीन दिवसांत ‘टायगरमिल्क’ पुरा झाला. जून 1996 मध्ये त्याच्या 1000 प्रती निघाल्या, त्याही फक्त तबकडीच्या स्वरूपात. पुढे बँडचे नाव झाले तेव्हा याच तबकड्या शेकडो पौंडांना विकल्या जाऊ लागल्या, आणि 1999 मध्ये अल्बम पुन्हा निघाला तेव्हा कुठे सामान्य श्रोत्याला तो विकत घेऊन ऐकता आला.

‘टायगरमिल्क’ आज ऐकताना मला त्यात एक गोष्ट फार स्पष्ट दिसते: हा अजून बँड झालेला नाही. पहिल्याच गाण्यात मर्डॉकचा आवाज आणि गिटार एवढेच सुरू होते आणि बाकीची वाद्ये एकेक करून, जरा बिचकतच, आत येतात. सगळे जण एका माणसाच्या गाण्याला सोबत करत आहेत आणि त्याच्या शब्दांवर पाय पडू नये याची काळजी घेत आहेत. ही काळजीच त्या तबकडीचे सौंदर्य आहे, हे मान्य. पण ती सांभाळून कोणी पंचवीस वर्षे वाजवू शकत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसरा अल्बम, ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’, निघाला. तोवर व्हायोलिनवादक सारा मार्टिन बँडमध्ये आली होती. मोठ्या कंपन्यांनी विचारणा सुरू केली असतानाही या मंडळींनी लंडनच्या ‘जीपस्टर’ या अगदी नव्या, छोट्या कंपनीला पसंती दिली, कारण अल्बममधली गाणी सुटी काढून विकायची नाहीत आणि प्रसिद्धीसाठी वणवण करायची नाही या अटी तिथे मान्य झाल्या. मुलाखती जवळजवळ नाहीत, छायाचित्रांत बँडऐवजी भलतेच कोणी, मुखपृष्ठावर एकाच रंगाच्या छटेत एखाद्या मैत्रिणीचे वा मित्राचे चित्र, कार्यक्रम नेहमीच्या सभागृहांऐवजी चर्चमध्ये किंवा ग्रंथालयात, असा सगळा मामला होता. पुष्कळांना हे सोंग वाटले. मला त्यात सोंगापेक्षा नाइलाज अधिक दिसतो. मर्डॉकची प्रकृती दौऱ्यांची दगदग सोसणारी नव्हती, तो एका चर्चच्या सभागृहाची देखभाल करत तिथेच वर राहत होता, आणि बाकीच्यांपैकी काही जणांना प्रेक्षकांसमोर उभे राहण्याची सवयच नव्हती. अमेरिकेत हा अल्बम ज्या कंपनीने काढला ती ‘एन्क्लेव्ह’ लवकरच बंद पडली आणि बँड ‘मॅटाडोर’ या स्वतंत्र कंपनीकडे गेला. स्वतंत्र संगीताच्या व्यवहारात हे नेहमीचेच आहे. चांगली तबकडी निघावी आणि दुकानात पोहोचवणारेच नाहीसे व्हावेत.

1997 मध्ये त्यांनी अल्बम काढलाच नाही, तीन ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या तबकड्या, काढल्या, आणि बँड म्हणून ही माणसे पहिल्यांदा एकजीव झाली ती माझ्या मते इथे. ‘लेझी लाइन पेंटर जेन’ हे सुमारे सहा मिनिटांचे गाणे त्यासाठी ऐकावे. मर्डॉकच्या हळुवार आवाजासमोर मोनिका क्वीन या स्कॉटिश गायिकेचा भरदार, मोकळा आवाज उभा केला आहे, आणि ध्वनिमुद्रण चर्चच्या सभागृहातले, त्यामुळे सगळ्यावर त्या उंच छताचा घुमारा आहे. शब्द संपल्यावर गाणे थांबत नाही. ऑर्गन पुढे सरसावतो, गिटार त्याला गाठू पाहते, ड्रमचा ठेका चढत जातो आणि शेवटची काही मिनिटे कोणीच कोणाला जपत नाही. वर्षभरापूर्वी शब्दांवर पाय पडू नये म्हणून चवड्यांवर चालणारी हीच माणसे. हे गाणे कोणत्याही अल्बमात नव्हते. त्या काळातल्या ईपींवरची गाणी एकत्र मिळायला 2005 मधल्या संग्रहाची वाट पाहावी लागली.

एकदा बँड झाला की बँडमधल्या प्रत्येकाला तोंड फुटते. 1998 च्या ‘द बॉय विथ द ॲरब स्ट्रॅप’मध्ये तेच झाले. मर्डॉकने दार उघडले आणि स्टीव्ही जॅक्सनची दोन गाणी आत आली. त्यांतले एक तर ‘सायर’ या बड्या कंपनीचे संस्थापक सीमूर स्टाइन यांच्या नावाचेच आहे. इसोबेल कॅम्पबेलने स्वतःचे गाणे स्वतःच्या कुजबुजत्या आवाजात म्हटले, स्टुअर्ट डेव्हिडने एका स्वप्नाची हकिकत गद्यात सांगितली. डेव्हिडचा तो तुकडा पुष्कळ जण आजही पुढे ढकलतात. मी ढकलत नाही, कारण तो माणूस या बँडमध्ये फार काळ टिकणार नाही हे त्यातच कळते. त्याला गाण्याला सोबत करायची नव्हती. त्याला ध्वनींचे तुकडे जोडून गोष्टी सांगायच्या होत्या आणि त्यासाठी त्याने ‘लूपर’ नावाचा स्वतःचा संच उभाही केला होता. कॅम्पबेलही ‘द जेंटल वेव्ह्ज’ या नावाने स्वतंत्र तबकडी करत होती. या दोन्ही संचांचे पहिले अल्बम 1999 मध्ये ‘जीपस्टर’नेच काढले. म्हणजे बँडबाहेर जाण्याची वाट बँडच्याच कंपनीच्या अंगणातून जात होती.

दरम्यान 1999 च्या ब्रिट पुरस्कारांत सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार या बँडला मिळाला आणि गहजब झाला. मतदान इंटरनेटवरून होते, समोर ‘स्टेप्स’सारखा कमालीचा खपणारा संच होता, आणि विद्यापीठांच्या संगणकांवरून चाहत्यांनी मते ओतली असा आरोप झाला. तीन अल्बम काढलेला बँड नवोदित कसा, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅम्बर सँड्स इथल्या सुट्टीच्या छावणीत त्यांनी ‘बोली वीकएंडर’ हा संगीतमेळा भरवला. आवडते बँड बोलवावेत, श्रोत्यांनी आणि वादकांनी एकाच आवारात राहावे, ही त्यामागची कल्पना. पुढे ‘ऑल टुमॉरोज पार्टीज’ या नावाने नावारूपाला आलेल्या महोत्सवांचे मूळ त्यात आहे.

सन 2000 हे मला या बँडच्या आयुष्यातले सर्वांत अवघड वर्ष वाटते. ‘फोल्ड युवर हँड्स चाइल्ड, यू वॉक लाइक अ पेझंट’ हा अल्बम रेंगाळत, तुकड्यातुकड्यांनी पुरा झाला. ‘टायगरमिल्क’ तीन दिवसांत झाला होता. आता प्रत्येकाचे गाणे, प्रत्येकाचे मत आणि प्रत्येकाची वेळ सांभाळायची होती. अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे खपाच्या दृष्टीने तोवरचे सर्वांत मोठे यश. परंतु ऐकताना तो मला एकाच घरात वेगवेगळ्या चुली मांडल्यासारखा वाटतो. कॅम्पबेलचे गाणे तिचे, जॅक्सनचे त्याचे, सारा मार्टिनने पहिल्यांदाच पुढे येऊन गायिलेले तिचे, आणि मर्डॉकची गाणी यांच्यामधून वाट काढत चाललेली. सगळ्यांना लिहू द्यावे हा उदार विचार होता. पण सगळ्यांच्या गाण्यांतून एक अल्बम कसा घडवायचा याची तजवीज कोणीच केलेली नव्हती. त्याच सुमारास ‘लीगल मॅन’ हे नाचरे गाणे पंधराव्या क्रमांकावर पोहोचून बँड ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमात झळकला, आणि त्याच वर्षी स्टुअर्ट डेव्हिड बाहेर पडला.

डेव्हिडच्या जाण्याने गाण्यांना काय फरक पडला, असा प्रश्न विचारला तर वरवर पाहता उत्तर ‘फारसा नाही’ असेच येते. त्याची बास गिटार साधी, मागे राहणारी होती. मात्र त्याच्यानंतर ‘व्ही-ट्विन’ या ग्लासगोतल्याच बँडमधून आलेला बॉबी किल्डी हा निराळ्या घडणीचा वादक होता. बास आणि गिटार दोन्ही वाजवणारा, रॉक संगीतात वाढलेला, आणि ठेक्याला खालून रेटा देणारा. ‘टायगरमिल्क’मधला बास आणि 2006 मधला बास लागोपाठ ऐका, मर्डॉकची गाणी नाचण्याजोगी कशी झाली याचे निम्मे उत्तर तिथे आहे. चाहते गायकांच्या जाण्याचा शोक करतात, बासवादक बदलल्याची नोंदही घेत नाहीत. मला हे न्याय्य वाटत नाही.

कॅम्पबेलचे जाणे मात्र सर्वांना ऐकू आले. 2002 मध्ये टॉड सोलोंझ यांच्या चित्रपटासाठी केलेल्या संगीताचा ‘स्टोरीटेलिंग’ हा अल्बम निघाला. त्यातले फार थोडे संगीत प्रत्यक्ष चित्रपटात वापरले गेले. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेचा दौरा चालू असताना तिने बँड सोडला. कोणाचे कोणाशी बिनसले, का बिनसले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात मला शिरायचे नाही. श्रोत्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते तबकडीवर ऐकू येतेच. तिच्याबरोबर दोन गोष्टी गेल्या. एक तो कुजबुजता आवाज, ज्याची जागा दुसऱ्या कोणी घेणे शक्य नव्हते आणि बँडने तसा प्रयत्नही केला नाही. दुसरी गोष्ट चेलो. सुरुवातीच्या गाण्यांत चेलो हा केवळ अलंकार नव्हता. मर्डॉकचा उंच, पातळ स्वर आणि जॅक्सनची चमकदार गिटार यांच्या खाली तो एक उबदार, किंचित उदास थर धरून ठेवत असे. पुढच्या अल्बमांत तंतुवाद्ये भरपूर आहेत, पण ती बोलावलेल्या वादकांची, आधी लिहून काढलेली, नीटनेटकी. बँडमधल्याच कोणीतरी मागे बसून धरलेला तो एकटा स्वर पुन्हा ऐकू आला नाही. हे नुकसान खरे आहे आणि ते नाकारून या बँडची बाजू घेण्यात अर्थ नाही.

पुढे काय झाले ते पाहा. बँडने ‘जीपस्टर’ सोडून ‘रफ ट्रेड’ ही कंपनी धरली आणि निर्माता म्हणून ट्रेव्हर हॉर्न यांना घेतले. हॉर्न म्हणजे ‘द बगल्स’मधले, ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’चा तो अवाढव्य ध्वनी घडवणारे गृहस्थ. चर्चच्या सभागृहातली हळुवार मंडळी आणि हा झगमगाटाचा कारागीर यांची जोडी जमेल असे कोणाला वाटले असेल, याची मला शंकाच आहे. ऑक्टोबर 2003 मध्ये ‘डिअर कॅटॅस्ट्रोफी वेट्रेस’ निघाला, पुढच्या वर्षी मर्क्युरी या सर्वोत्तम अल्बमसाठीच्या ब्रिटिश पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचला, आणि बँडने पहिल्यांदाच अल्बममधले गाणे सुटे काढून विकले. हॉर्न यांनी झगमगाट आणलाच, पण त्याहून मोलाचे काम त्यांनी केले ते वाद्यांची जागा ठरवण्याचे. पूर्वी सगळी वाद्ये एका खोलीत, एकाच अंतरावर असत. आता ट्रम्पेट वाजायचा तेव्हा तो ऐटीत पुढे येऊन वाजतो आणि काम झाले की मागे जातो. मिक कुकचे स्वरसंयोजनाचे कौशल्य इथे पहिल्यांदा उजेडात आले. सारा मार्टिनचा आवाज मर्डॉकच्या बरोबरीने उभा राहिला. तो कॅम्पबेलसारखा हवेत विरणारा नाही, स्वच्छ आणि ठाम आहे, त्यामुळे दोघांच्या गाण्यांत कुजबुजीऐवजी संवाद आला. जॅक्सनची गिटार ‘आय ॲम अ कुकू’मध्ये सरळ ‘थिन लिझी’ या रॉक बँडच्या वळणाची जोडसुरांची गाणारी गिटार होते. ही सगळी माणसे आधीपासून तिथेच होती. 1998 ते 2002 या काळात त्यांना गाणी मिळत होती, पण हक्काची जागा मिळत नव्हती, आणि ती जागा दोन माणसे गेल्यावर आणि बाहेरचा एक कडक निर्माता आल्यावर तयार झाली.

सदस्य बदलल्याने काय होते हे प्रयोगशाळेत तपासावे तसे तपासायची एक संधी या बँडने श्रोत्यांना दिलेली आहे. 1996 चा ‘सिनिस्टर’ गाण्यांच्या दृष्टीने उत्तम, पण ध्वनिमुद्रण पातळ झाले आहे अशी त्यांची स्वतःचीच तक्रार होती. सप्टेंबर 2005 मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात त्यांनी तो अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत क्रमाने सादर केला, त्याचे ध्वनिमुद्रण डिजिटल स्वरूपात प्रकाशित केले आणि उत्पन्न भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी दिले. तीच दहा गाणी, तोच क्रम, तोच गायक. डेव्हिड आणि कॅम्पबेल मात्र नाहीत. दोन्ही मुद्रणे शेजारी ठेवून ऐकली तर फरक लपत नाही. 2005 च्या मुद्रणात ड्रम खणखणीत आहेत, बास जमिनीवर उभा आहे, पियानोचे सूर सुटे सुटे ऐकू येतात, आणि मर्डॉक प्रेक्षकांना घाबरत नाही. 1996 च्या मुद्रणात हे सगळे कमी आहे, पण गायक आपल्याच खोलीत बसून, आपल्याला न बघता गातो आहे असा जो भास होतो तो दुसऱ्यात होत नाही. मला दोन्ही आवडतात, आणि कोणते ठेवशील असे विचारले तर नुसत्या वादनासाठी मी 2005 चे ठेवीन. जुन्या चाहत्यांना हे पटणार नाही याची कल्पना आहे.

फेब्रुवारी 2006 मधला ‘द लाइफ पर्सूट’ हा त्या वाटेवरचा सर्वांत पुढचा टप्पा. लॉस एंजेलिसमध्ये टोनी हॉफर यांच्याबरोबर तो मुद्रित झाला. सत्तरच्या दशकातले ग्लॅम रॉक, सोल आणि फंक यांचे रंग त्यात बिनदिक्कत मिसळलेले आहेत. ब्रिटनमध्ये तो आठव्या क्रमांकावर गेला आणि त्याच उन्हाळ्यात बँडने हॉलिवूड बोलच्या खुल्या रंगमंचावर लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकच्या साथीने कार्यक्रम केला. ख्रिस गेडीसला जुन्या सोल संगीताचे वेड पहिल्यापासून होते, पण त्याच्या कीबोर्डला मनासारखी मोकळीक मिळाली ती या तबकडीत.

आणि गेलेल्यांचे काय झाले? कॅम्पबेलने मार्क लॅनेगन या अमेरिकी गायकाबरोबर तीन अल्बम केले. त्यांतला पहिला, ‘बॅलड ऑफ द ब्रोकन सीज’, 2006 मध्ये मर्क्युरीच्या अंतिम यादीत आला. बहुतेक गाणी तिची, निर्मिती तिची, आणि तिच्या कुजबुजीसमोर लॅनेगनचा खर्जातला खरखरीत आवाज. बँडमध्ये तिच्या आवाजाला जी पार्श्वभूमी कधीच मिळाली नव्हती ती तिने स्वतः शोधून काढली. डेव्हिडने ‘लूपर’ चालू ठेवला, कादंबऱ्या लिहिल्या आणि पुढे बँडच्या आरंभकाळाची आठवणही पुस्तकरूपाने लिहिली. बँड सोडणे म्हणजे भांडण किंवा अपयश असे आपण धरून चालतो. इथे दोघांच्या बाबतीत असे दिसते की त्यांची गाणी त्या बँडमध्ये मावत नव्हती.

पुढची काही वर्षे मी भरभर ओलांडतो, कारण त्यांत चांगले पुष्कळ असले तरी नवे थोडे आहे. मर्डॉकने ‘गॉड हेल्प द गर्ल’ या नावाने गायिकांसाठी लिहिलेल्या गाण्यांचा अल्बम 2009 मध्ये केला आणि 2014 मध्ये त्यावर स्वतःच चित्रपट दिग्दर्शित केला. 2010 मध्ये पुन्हा हॉफर यांच्याबरोबर ‘राइट अबाउट लव्ह’ आला. तो नीटस आहे, फारसा हलवत नाही. 2013 मध्ये मिक कुकने सलोख्याने निरोप घेतला. त्याच्या जाण्यावर कोणी अश्रू ढाळल्याचे मला आठवत नाही, आणि याचे मला वाईट वाटते, कारण ट्रम्पेटपेक्षाही त्याची स्वरलेखणी महत्त्वाची होती. त्याच्यानंतरच्या ‘गर्ल्स इन पीसटाइम वॉन्ट टू डान्स’मध्ये, म्हणजे 2015 साली, पितळी वाद्यांची जागा बरीचशी सिंथेसायझरने घेतली. बँड अटलांटाला जाऊन नृत्यसंगीत करू लागला याचा संबंध टीकाकारांनी वयाशी आणि फॅशनशी जोडला. कुकच्या रिकाम्या खुर्चीशी तो कितपत आहे हा विचार कोणी केलेला निदान माझ्या वाचनात आला नाही. त्याच अल्बमच्या सुरुवातीला मर्डॉकने आपल्या आजाराच्या वर्षांवर पहिल्यांदा इतके उघडपणे गाणे लिहिले, आणि ते त्याच्या सर्वोत्तम गाण्यांपैकी एक आहे.

तोवर ‘टीनएज फॅनक्लब’मध्येही वाजवणारा डेव्ह मॅकगोवन बँडमध्ये आला होता. 2020 मध्ये अल्बमसाठी पुन्हा अमेरिकेला जायचा बेत महासाथीमुळे बारगळला, तेव्हा त्यांनी ग्लासगोतल्या आपल्या सरावाच्या जागेचाच स्टुडिओ केला. त्यातून मे 2022 मध्ये ‘अ बिट ऑफ प्रिव्हियस’ आला. 2000 नंतर गावातच मुद्रित केलेला हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम, आणि त्या जुन्या, चुली वेगळ्या असलेल्या अल्बमशी त्याची तुलना अपरिहार्य आहे. इथेही मर्डॉक, मार्टिन आणि जॅक्सन असे तिघे गातात, लिहितात. पण एकाचे गाणे संपून दुसऱ्याचे सुरू होते तेव्हा घर बदलल्यासारखे वाटत नाही. मार्टिन मर्डॉकच्या गाण्यात शिरते, मर्डॉक जॅक्सनच्या मागे सूर धरतो, आणि कोणाचे गाणे कोणते हे पहिल्या ऐकण्यात चटकन सांगता येत नाही.

त्याच बैठकांतून उरलेल्या गाण्यांचा ‘लेट डेव्हलपर्स’ जानेवारी 2023 मध्ये फारसा गाजावाजा न करता आला. त्यातले एक गाणे ‘वू ओ’ या नावाने संगीत करणाऱ्या ग्लासगोच्याच एका तरुण संगीतकाराबरोबर मिळून लिहिलेले आहे. बाहेरच्या गीतकाराला बँडने असे सामावून घेण्याची ही पहिलीच वेळ. ते गाणे चकचकीत आहे, आजच्या रेडिओला शोभणारे आहे, आणि जुन्या चाहत्यांपैकी पुष्कळांनी त्यावर नाक मुरडले. मलाही त्यातला सिंथेसायझर जरा जास्तच लखलखीत वाटतो. पण दुसऱ्याने बांधलेल्या चालीत मर्डॉक बिचकत नाही, उलट तिच्यात मजेत पोहत जातो, हे ‘टायगरमिल्क’मधल्या माणसाला जमले नसते.